टीपकागदाला मारलेलं पाणी

आमच्या इस्त्रीच्या दुकानाला पाटी आहे, पण तिची फारशी गरज पडत नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कान दिला की माझा आवाज येतो आणि गिऱ्हाईक बरोबर दारात येऊन पोचतं. नवरा मला लवंगी म्हणतो. आकाराने बोटाएवढी आणि वाजली की घर डोक्यावर घेणारी. मला त्याचं वाईट वाटत नाही. राग आला की मी बोलते, बोलून झालं की विसरते. समोरचाही विसरतो, कारण त्याचे कपडे त्याला वेळेवर मिळालेले असतात.

दुकान उभं केलं सासऱ्यांनी. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे कपडे वाळत घालायचं अंगण. सासऱ्यांनी बाहीवर पाडलेली घडी पुढच्या धुण्यापर्यंत मोडत नसे. गप्पांचाही त्यांना भारी नाद. लोक कपडे न्यायला येत आणि गप्पा मारून कपडे इथेच विसरून जात. गेल्या वर्षी त्यांना झटका आला आणि उजवा हात नि जीभ दोन्ही जड झाली. हाताने हळूहळू पेला धरायला सुरुवात केली. जीभ काही वळेना. एकदा एका गिऱ्हाइकाला त्यांचं बोलणं कळलं नाही, तर तो बहिऱ्याशी बोलावं तसा त्यांच्या कानाशी ओरडायला लागला. त्या दिवसापासून सासऱ्यांनी घराबाहेरच्या माणसाशी बोलणंच सोडलं. कुणी आलं की ते माझ्याकडे बघत, मी त्यांच्या वतीने बोले. नवऱ्याला त्यांचं निम्मं कळतं, मला सगळं. म्हणून त्यांचं बोलणं मी इथे सरळ लिहिते आहे. मला ते सरळच ऐकू येतं.

यंदा माझी आई गेली. तेव्हा माझी धाकटी बहीण परदेशात, तिचे दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी विमानात बसायला साफ मनाई केली. तिला मुलगी झाली ती आई गेल्यानंतर चार दिवसांनी. ना ती आईला बघू शकली, ना आई नातीला. पुढे आईचं घर विकायचं ठरलं तेव्हा मी तिला फोनवर विचारलं, तुला काय काय ठेवू? भांडी, पातळं, शिवणयंत्र? ती म्हणाली, "ताई, मला बागेतलं काहीतरी पाठव. मी शेवटचं काहीच बघितलं नाही गं."

मी बागेचे फोटो पाठवले. ती म्हणाली, फोटोला हात लावता येत नाही.

आईची बाग म्हणजे घरामागची खाटेएवढी जागा, पण तिच्यात पाय ठेवायला वाट नसे. झिनिया, कॉसमॉस, पँझी, भिंतीवर वेलीगुलाब, नळाखाली नेचे. आई झाडांशी बोलायची, म्हणजे त्यांना शिव्या द्यायची. "खातोस मापभर आणि फुलतोस चिमूटभर" हे मी लहानपणी गुलाबाला उद्देशून ऐकलेलं आहे. माझा आवाज कुठून आला हे वेगळं सांगायला नको. घर घेतलं एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. पुढच्या खोल्यांत दवाखाना होणार होता आणि बाग उकरून तिथे गाड्या लावायला फरशी बसणार होती. त्यात त्यांची काही चूक नाही. रोग्यांनी गाड्या काय डोक्यावर ठेवायच्या?

किल्ल्या द्यायच्या दिवशी मी सकाळी लवकर जाऊन दव सुकायची वाट बघत बसले. ओलं फूल दाबलं की काळं पडतं, एवढं मी शिकून गेले होते. ऊन चढल्यावर एकेक फूल देठासकट कापलं आणि वर्तमानपत्रात पसरून घरी आणलं. गल्लीतल्या सुताराकडून दोन फळ्या आणि चार बोल्ट आणले. फळ्यांमध्ये पुठ्ठे, पुठ्ठ्यांमध्ये टीपकागद, टीपकागदांमध्ये फुलं. गुलाब जाड, तो अख्खा दाबला तर आतून सडतो, म्हणून त्याच्या पाकळ्या सोडवून वेगळ्या मांडल्या. पँझी मात्र जन्मतःच चपटी, तिला काही करावं लागत नाही. बोल्ट आवळले आणि वर सासऱ्यांची जुनी कोळशाची इस्त्री वजनाला ठेवली.

"आता फुलांनाही इस्त्री?" नवरा म्हणाला. "नगाला किती लावणार?"

"तुझ्यापेक्षा जास्त," मी म्हटलं.

सासऱ्यांना मात्र त्या फळ्यांचा नादच लागला. टीपकागद ओल पितो, म्हणून सुरुवातीला तो रोज बदलावा लागतो. मी कागद बदलायला बसले की ते खुर्ची ओढून शेजारी बसत. मी जुना कागद उचलणार, ते डाव्या हाताने नवा पुढे करणार. एकदा वाळलेली पँझी बघून म्हणाले, "कांजी केल्यासारखी कडक झाली." आजारपणानंतर त्यांनी आपणहून कुठल्या कामात हात घातलेला मी पहिल्यांदाच बघत होते. मला फार बरं वाटायचं. फुलांचं निमित्त झालं, पण माणूस खुर्चीतून उठला.

फुलं जवळजवळ होत आली होती. तेवढ्यात एका हॉटेलचं चादरींचं मोठं काम आलं. मी आणि नवरा दोघं तिकडेच अडकलो. सकाळी जायचं, संध्याकाळी पाठीचा कणा हातात घेऊन यायचं. जाताना मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, फुलांचं तेवढं तुम्ही बघा." त्यांनी मान हलवली. माझ्या डोक्यात चादरींशिवाय काही नव्हतं.

काम संपल्यावर मी फळ्यांचे बोल्ट सोडले. पहिला पुठ्ठा उचलला आणि वास आला. पावसाळी दप्तरात विसरलेल्या डब्याचा येतो तसा. आतला टीपकागद ओला होता. त्याखालचा कॉसमॉस तपकिरी पडून कागदाला चिकटला होता. पँझीवर पांढरी बुरशी. गुलाबाच्या पाकळ्या हात लावताच विरघळल्या. मी भराभरा खालपर्यंत गेले. एकही फूल वाचलं नव्हतं, नेच्याचं पानसुद्धा नाही.

काय झालं ते कळायला मला क्षणही लागला नाही. आमच्या धंद्यातल्या कुणालाही लागला नसता. कपडा फार कोरडा झाला, कडक झाला, की त्याला इस्त्री लागत नाही. मग त्यावर पाणी मारायचं, घट्ट गुंडाळायचं आणि ओल सगळीकडे सारखी मुरेपर्यंत तसाच ठेवायचा. सासऱ्यांनी फळ्या उघडल्या असणार. एखादी पाकळी बोटात कुरकुरून मोडली असणार. जन्मभर जे केलं तेच त्यांनी केलं. पाणी मारलं, बोल्ट घट्ट आवळले आणि मुरत ठेवलं.

मी तोंड उघडलं. सासरे दारातच उभे होते. आणि तेवढ्यात माझी नजर सगळ्यात वरच्या टीपकागदावर गेली. तेवढा एकच सुकला होता आणि थेंबांचे डाग त्यावर उमटून राहिले होते. बारीक, एकसारखे, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. असं पाणी मारायला पाचही बोटं एकदम झटकावी लागतात. डाव्या हाताने ते त्यांना कधीच जमलेलं नव्हतं. म्हणजे पाणी उजव्या हाताने मारलं होतं. ज्या हाताने वर्षभर शर्टाचं बटण लागत नव्हतं, त्या हाताने.

उघडलेलं तोंड मी तसंच मिटलं. उठले आणि अंगणात जाऊन दोरीवरचे कपडे काढायला लागले. कपडे ओले होते. ते परत वाळत घातले. मागून सासऱ्यांचा आवाज आला, "पाणी जास्त झालं?"

"नाही, बाबा. हवाच दमट आहे," मी म्हटलं.

ज्यांचा सगळा जन्म ओल्या कपड्यांचे वास ओळखण्यात गेला, त्यांना हवेचं कारण सांगून काय उपयोग. ते फळ्यांपाशी गेले, एक कागद उचलून नाकाशी नेला आणि परत ठेवला. रात्री जेवले नाहीत. मीही धड जेवले नाही. धाकटीला काय सांगायचं, हेच कळत नव्हतं. बाग तर एव्हाना उकरून झाली असणार. जगात कुठेही आता त्या बागेचं फूल उरलेलं नव्हतं. आणि मला रडूही येत होतं आणि ते थेंबांचे डाग आठवून कसला तरी आनंदही होत होता, आणि दोन्ही एकाच वेळी करायची मला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे घरात नव्हते. आधी वाटलं, अंगणात असतील. मग वाटलं, सुताराकडे. मग नवरा एका बाजूला धावला, मी दुसऱ्या. आमचा जीव टांगणीला लागला. चालता येत होतं त्यांना, पण रस्ता चुकले तर ते विचारणार कुणाला? पत्ता तरी सांगणार कसे? ते तर बाहेरच्याशी बोलतच नव्हते. नवरा दवाखाने धुंडाळून आला. मी गल्लीतलं एकेक दार वाजवलं आणि त्या दिवशी माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

ऊन उतरल्यावर दुकानापुढे एक गाडी थांबली. गाडी चालवत होत्या डॉक्टरीणबाई. शेजारी सासरे, मांडीवर आमच्याच दुकानातलं शर्टांचं खोकं, आणि ते त्यांनी दोन्ही हातांनी आडवं धरलेलं. मी दार उघडलं तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "हळू. वाकडं करू नकोस."

खोक्यात वर्तमानपत्राचे थर होते आणि थरांमध्ये फुलं.

डॉक्टरीणबाईंना मी खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी सांगितलं ते असं. बाग उकरायला मजूर उशिरा आले होते, कालच. निम्मी जागा उकरून झाली होती, मागच्या भिंतीकडची पट्टी तेवढी बाकी होती. आज दुपारी हे आजोबा बसमधून उतरून दाराशी येऊन उभे. काहीतरी म्हणाले, बाईंना कळलं नाही. त्यांनी परत सांगितलं, परत कळलं नाही.

"मला वाटलं, आता चिडून जातील," बाई म्हणाल्या. "पण ते पायरीवर बसले, जरा दम घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एकेक शब्द, हळूहळू. आणि मला सवय आहे हो. माझ्याकडे सगळेच तोंड उघडं ठेवून, अर्धा गाल बधिर असताना बोलतात. तिसऱ्यांदा सगळं कळलं."

"काय म्हणाले?" मी विचारलं. त्यांचं बोलणं मी दुसऱ्याकडून ऐकत होते, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"म्हणाले, माझ्या सुनेच्या आईची ही बाग. तिने फुलं वाळवली होती, ती माझ्या हातून नासली. काही उरलं असेल तर न्यायला आलोय." बाई हसल्या. "मग मी मजुरांना म्हटलं, तासभर बसा, चहा घ्या. यांना वाकता येत नव्हतं. ते बोट दाखवत होते, मी तोडत होते. एक फूल मी जरा आखूड तोडलं तर रागावले माझ्यावर. देठ हवा म्हणाले. खरं सांगू, मी ते घर घेतलं तेव्हा ती बाग नीट बघितलीच नव्हती. आज बघितली."

आणि मग त्यांनी सांगितलं की उद्या सकाळी ती पट्टीही जाईल. मजुरांना पुढे दुसरं काम आहे, त्यांना अडवून धरणं बाईंच्या हातात नाही. मी म्हटलं, नका अडवू. तुम्ही जे केलंत तेवढंही कुणी केलं नसतं. त्यांच्या पांढऱ्या कोटांना आमच्याकडे जन्मभर फुकट इस्त्री, हे मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

बाई गेल्यावर मी धाकटीला फोन करून सगळं सांगितलं, पहिली फुलं कशी गेली तेही. ती तिकडे रडली, मी इकडे रडले. मग नाक पुसून ती म्हणाली, "ताई, आता मात्र तू स्वतः कर. कुणालाही हात लावू देऊ नकोस. ही शेवटची आहेत."

तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, आणि मोठ्याने म्हटलं असतं.

मी नवे टीपकागद आणले आणि फळ्या उन्हात तापवून घेतल्या. फुलं थोडीच होती. झिनिया, थोडा कॉसमॉस, भिंतीवरच्या वेलीचे तीन गुलाब. सासरे दारापाशी खुर्चीत बसले होते. या वेळी त्यांनी खुर्ची जवळ ओढली नाही. ते नुसते माझ्या हातांकडे बघत होते, आणि मी वर बघितलं की लगेच रस्त्याकडे बघायचे.

आमच्या घरात आभार मानायची रीत नाही. घरच्याचे आभार मानले की तो परका झाल्यासारखा वाटतो. पण त्या दिवशी मला ते मानायचे होते. वर्षभर जो माणूस गल्लीतल्या ओळखीच्या माणसाशी बोलला नाही, त्याने बसच्या कंडक्टरला थांब्याचं नाव सांगितलं होतं. एका अनोळखी बाईच्या दाराशी एकच वाक्य तीनदा म्हटलं होतं. आणि ते वाक्य तरी कसं, स्वतःच्या चुकीचं. हे सगळं मला त्यांना म्हणून दाखवता येईना. मी फळ्या उचलल्या आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवल्या.

"बाबा, मांडायला लागा. आणि कागद रोज तुम्हीच बदलायचे. मला वेळ नाही."

"परत बिघडवीन," ते म्हणाले.

"नाही बिघडवणार. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, एवढंच. कुरकुरली तरी कुरकुरू दे. फुलाला ओल नको, कपड्याला हवी. एवढाच फरक आहे."

त्यांनी हात पुसले. मग उजव्या हाताने पहिली झिनिया उचलली. फूल कागदावर टेकवायला त्यांना इतका वेळ लागला, की माझे हात शिवशिवायला लागले. मी ते पाठीमागे धरले आणि दुकानात निघून गेले.

त्यानंतर मी फळ्यांकडे फिरकले नाही. म्हणजे फिरकायचे, पण बोल्टला हात लावला नाही. धाकटी फोनवर विचारायची, कशी आहेत? मी म्हणायचे, छान आहेत. मी बघितलीही नव्हती. माझं हे खोटं मलाच ऐकवत नव्हतं. सासरे रोज सकाळी हात पुसायचे, परत कोरड्या फडक्याने पुसायचे, मग फळ्या उघडायचे. जुने कागद दोरीवर उन्हात लावायचे, दिवसभर वाळवून ठेवायचे. पेला तर त्यांनी त्या टेबलाच्या आसपास कुणाला आणू दिला नाही. नवरा एकदा चहा घेऊन तिकडून गेला तर त्याला लांबून वळसा घालायला लावला.

एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर पांढऱ्या कागदावर सगळी फुलं मांडलेली होती. झिनियाचा रंग जरा गडद झाला होता, गुलाबाच्या पाकळ्या कडेला पिवळसर. एका कॉसमॉसची पाकळी गळली होती, ती त्यांनी तिच्या जागेवर नेमकी लावून ठेवली होती. बाकी सगळी होती तशी होती. आईची बाग, हाताच्या दोन पंज्यांत मावेल एवढी, पण होती. मी वाकून त्यांच्या उजव्या हाताला हात लावला आणि मग उगाचच टेबल पुसलं.

फुलं आम्ही जाड पुठ्ठ्यांत घालून पाठवली. ती पोचल्याचा धाकटीचा फोन आला. मागे बाळाचा आवाज येत होता. ती म्हणाली, "हात लावून बघितलं, ताई. मग तिच्या बोटांनाही लावून दिलं. तिच्या आजीचा गुलाब." मग म्हणाली, "तुझ्या सासऱ्यांना दे फोन."

"अगं, तुला कळणार नाही त्यांचं. मी सांगते काय ते."

"तू दे."

मी फोन दिला. सासऱ्यांनी तो उजव्या हातात धरला, कानाला लावला आणि अंगणात गेले. मी दुकानात एक शर्ट हाती घेतला आणि त्याच्या एकाच बाहीवर इस्त्री फिरवत राहिले. ते बराच वेळ बोलत होते. फोन परत आला तेव्हा धाकटी लाइनवरच होती.

"कळलं का काही?" मी विचारलं.

"हळू बोलले. कळलं सगळं."

"काय म्हणाले?"

"मी विचारलं, तुम्ही एकटे कसे काय गेलात इतक्या लांब? तर म्हणाले, ती ओरडली असती तर मी घरीच बसलो असतो. मी आजारी पडल्यापासून ती माझ्यावर कधी ओरडली नाही. इतकं नासवलं तरी ओरडली नाही. मग मला जावंच लागलं."

मी फोन ठेवला. खरंच होतं ते. वर्षभर मी नवऱ्यावर ओरडले, गिऱ्हाइकांवर ओरडले, कोळसेवाल्यापासून सुतारापर्यंत कुणाला सोडलं नाही. त्यांच्यावर मात्र नाही. मला वाटत होतं, मी त्यांना जपते आहे.

दुसऱ्या दिवशी सासरे चष्मा न लावता दुकानात आले आणि एका गिऱ्हाइकाचा शर्ट दुसऱ्याच्या गठ्ठ्यात ठेवला. मी त्यांच्यावर अशी ओरडले की गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, शर्ट परत योग्य गठ्ठ्यात ठेवला, आणि मला उलट बोलले. मग समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "बघितलंत? ही अशी आहे आमच्याकडे." गिऱ्हाइकाला ते कळलं की नाही, कोण जाणे. मी काही सांगायला गेले नाही.